थ्रॉटल आपोआप परत आला पाहिजे

विषुववृत्ताला चिकटून राहून स्नोमोबाइल चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला मी एकटाच मराठी माणूस आहे, असा माझा दावा नाही. पण दुसरा कोणी भेटला तर त्याला घरी जेवायला बोलवायची माझी तयारी आहे. आम्हा दोघांना बोलण्यासारखं बरंच असेल.

तेव्हा मी सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या एका लहानशा इव्हेंट कंपनीत सेफ्टी मॅनेजर होतो. त्याआधी बारा वर्षं तांजोंग पगारच्या एका बँकेत काढली. तिथे माझं काम एकच, काय काय चुकू शकतं त्याच्या याद्या करायच्या. मी ते फार मन लावून करत असे. पुढे आमचं सगळं खातंच बंद झालं, आणि ते मात्र आमच्या कोणाच्याच यादीत नव्हतं. नव्या नोकरीत मॉलमधल्या सजावटी, फुगे, तात्पुरते रंगमंच यांच्या याद्या करायला लागलो. पगार कमी होता, पण निदान फुगे फुटताना आवाज तरी यायचा.

कंपनीची मालकीण साठीची चिनी बाई. सगळे तिला बॉस म्हणत. तिच्या शब्दकोशात नकार नव्हता. कोणी काहीही मागितलं की ती म्हणायची, "कॅन, कॅन," आणि मग ते कसं जमवायचं हे आम्ही बघायचं. त्या वर्षी एका मॉलला नाताळसाठी काहीतरी खरंखुरं हवं होतं. साबणाच्या फेसाचा बर्फ सगळेच मॉल उडवतात. बॉसने जपानच्या उत्तरेकडून एक जुनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून पळणारं यंत्र, मागवली. मॉलबाहेरच्या चौकात ती फेसात उभी करायची, तिच्यावर सांताक्लॉज बसणार, आणि शेजारी उभा राहून कोणीतरी अर्धं मिनिट इंजिन सुरू करणार. खरं इंजिन, खरा आवाज. मॉलवाल्यांनी अट घातली की इंजिन हाताळणारा माणूस प्रशिक्षित हवा, कार्यपद्धती लेखी हवी आणि आधी एकदा पूर्ण चाचणी व्हायला हवी.

"तू कर," बॉस मला म्हणाली. "तुला याद्या आवडतात."

मला गाडी चालवता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. कार नाही, स्कूटर नाही, काहीच नाही. या शहरात ते खपून जातं. सोळा वर्षं एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने फिरलो, कोणी विचारलं नाही. गावी मात्र ते खपत नसे, कारण माझ्या वडिलांची ड्रायव्हिंग स्कूल होती.

सांगलीजवळच्या आमच्या तालुक्याच्या गावात निम्म्या लोकांना अप्पांनी गाडी शिकवली. शिक्षक, डॉक्टर, दोन तहसीलदार, एक कीर्तनकार. मी सोळा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी मला त्यांच्या स्कूटरवर बसवलं. ते समोर पाच-सहा पावलांवर उभे होते आणि हाताने ये ये करत होते. मी क्लच सोडला, थोडी रेस दिली आणि स्कूटर उसळली. पुढचं मला नीट आठवत नाही. इंजिनचा वाढत जाणारा आवाज आठवतो, आणि अप्पांचा उजवा पाय ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीच्या खांबात आणि स्कूटरच्या मडगार्डमध्ये सापडलेला आठवतो. पाय दोन ठिकाणी मोडला. ते अजून थोडे लंगडतात. दवाखान्यात, पायाला प्लॅस्टर असताना, ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "घाबरलं पोरगं. रेस सोडलीच नाही."

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढची वीस वर्षं, नव्या शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी ते हीच गोष्ट उदाहरण म्हणून सांगायचे. माणूस घाबरला की मूठ आवळतो, मुठीत रेस असते, बघा, माझ्याच मुलाचं सांगतो. दोन्ही तहसीलदारांनी ही गोष्ट ऐकली होती. माझ्या लग्नात कीर्तनकारांनी मला ती सांगितली, मलाच. मी हसलो. मी पुन्हा कुठल्याही हँडलला हात लावला नाही.

तर अशा माणसाने स्नोमोबाइलचा ऑनलाइन कोर्स लावला.

शिकवणारा गृहस्थ कुठल्याशा थंड देशातला होता. त्याच्या मागच्या खिडकीत नुसता पांढरा उजेड. तो जाड कोटात, मी बनियन आणि हाफपँटमध्ये, डोक्यावर पंखा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. डाव्या हाताला ब्रेक. उजव्या अंगठ्याखाली एक छोटा खटका, तो थ्रॉटल. स्कूटरसारखी मूठ पिळायची नाही, फक्त अंगठ्याने हलकं दाबायचं, आणि अंगठा उचलला की थ्रॉटल आपोआप परत आला पाहिजे. शेजारी लाल बटण, ते दाबलं की इंजिन बंद. शिवाय एक गुंडाळीची दोरी. तिचं एक टोक यंत्रावरच्या टोपीला, दुसरं तुमच्या अंगावरच्या कपड्यांना. तुम्ही पडलात तर टोपी ओढली जाते आणि इंजिन मरतं.

"नवा माणूस घाबरला की काय करतो?" त्याने विचारलं.

"मूठ आवळतो," मी म्हणालो.

तो खूश झाला. म्हणाला, इतकं बरोबर उत्तर त्याला कधी कोणी दिलं नव्हतं. मी त्याला कारण सांगितलं नाही.

सरावासाठी यंत्र नव्हतं. ते जहाजावर होतं. मग मी टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधला कपडे वाळत घालायचा बांबू घेतला, तो दोन खुर्च्यांवर आडवा बांधला आणि उजव्या बाजूला कपड्यांचा एक चिमटा लावला. चिमटा म्हणजे थ्रॉटल. डाव्या बाजूला ब्रेक म्हणून सुरीची मूठ बांधली होती, ती बायकोने काढायला लावली. रोज संध्याकाळी मी बांबूमागे बसून अंगठ्याने चिमटा दाबायचो, सोडायचो, लाल बटण म्हणून ठेवलेलं बाटलीचं झाकण दाबायचो. माझी अकरा वर्षांची मुलगी दारात उभी राहून बघायची आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची.

"बाबा, यू रायडिंग द बांबू, इज इट?"

"सराव करतोय."

"बट इट्स नॉट मूव्हिंग, ला."

तेच तर मला आवडत होतं.

अप्पा त्या वेळी आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. वय चौऱ्याहत्तर. सिंगापूरमध्ये त्यांना पाहण्यासारखी एकच गोष्ट सापडली होती, ती म्हणजे टॅम्पिनीसचं बस इंटरचेंज, तिथलं मोठं बसस्थानक. सकाळी नाश्ता झाला की ते तिथे जाऊन बाकावर बसत आणि बस ड्रायव्हरांचे ब्रेक बघत. दुपारी येऊन अहवाल देत. "साठ-पासष्ट गाड्या बघितल्या. एकानेही झटका दिला नाही. गिअरच नाहीत म्हणा, कौतुक कसलं." माझा बांबू त्यांनी पहिल्या दिवशी बघितला, आणि मला वाटलं आता ती गोष्ट येणार. ती आली नाही. ते नुसतं म्हणाले, "अंगठा सैल ठेव," आणि आत गेले.

यंत्र आलं ते नेमकं दसऱ्याच्या आधी. बॉसने चाचणीचा दिवस ठरवला, तो दसराच निघाला. मी घरी तसं बोललो आणि अप्पा ताठ बसले.

"दसऱ्याला नवी गाडी सुरू करणार आणि पूजा नाही?"

"अप्पा, ती गाडी आपली नाही. आणि ती नवीही नाही. आणि मुळात ती गाडीच नाही, तिला चाकं नाहीत."

"इंजिन आहे ना?"

मी बॉसला फोन केला, ती नको म्हणेल या आशेवर. ती म्हणाली, "कॅन, कॅन. मी पण संत्री आणते."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं तोआ पायोहच्या गोदामात पोचलो. अप्पांच्या हातात आदल्या दिवशी लिटल इंडियातून आणलेली झेंडूची माळ, नारळ आणि पूजेचा डबा. माझ्या हातात सात पानी कार्यपद्धती. गोदामात बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. मधोमध ती स्नोमोबाइल उभी होती, पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा. बर्फ नसल्यामुळे मागची बाजू आम्ही लोखंडी स्टँडवर उचलून ठेवली होती, म्हणजे पट्टा हवेत फिरेल. भोवती मी पिवळी रेघ आखली होती. त्या रेघेच्या आत फक्त मी. पुढे कोणी नाही, मागे तर मुळीच नाही, कारण पट्ट्याने काही उडवलं तर ते मागे येतं.

मॉलचा तपासणी अधिकारी क्लिपबोर्ड घेऊन हजर होता. मी त्याला इंजिन बंद असतानाच्या सगळ्या तपासण्या करून दाखवल्या. ब्रेक दाबला, घट्ट होता. लाल बटण वर-खाली केलं. मग थ्रॉटल तीन वेळा दाबून सोडला. तिन्ही वेळा टक असा आवाज करत तो जागेवर आला.

"हे का?" अप्पांनी रेघेबाहेरून विचारलं.

"थ्रॉटल कुठे अडकत नाही ना, ते बघायला. अडकत असेल तर इंजिन सुरूच करायचं नाही. दर वेळी, सुरू करायच्या लगेच आधी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

अप्पा यंत्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्कूटरला असं बघायची पद्धत नव्हती," आणि डबा उघडायला लागले.

मग पूजा झाली. बॉसने समोर चार संत्री मांडली आणि तीन उदबत्त्या पेटवल्या. पेट्रोलच्या टाकीजवळ विस्तव नको म्हणून मी त्या उदबत्त्या पंधरा पावलं लांब नेऊन लावायला सांगितल्या, त्यामुळे तिला नमस्कार करायला पंधरा पावलं चालत जावं लागलं. अप्पांनी हँडलला माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि हात भरून अक्षता टाकल्या. लिंबू चाकाखाली ठेवतात, पण चाक नव्हतं. थोडा विचार करून त्यांनी डाव्या आणि उजव्या स्कीखाली एकेक ठेवलं. मॉलच्या अधिकाऱ्याने क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिलं. नारळ गोदामाच्या दारात फोडला आणि अधिकाऱ्यालाही खोबऱ्याचा तुकडा दिला. तो त्याने घेतला.

"स्टार्ट, स्टार्ट," बॉस म्हणाली. "सांता दोन वाजता येतो, पोशाखाची मापं द्यायला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोरी पट्ट्याला, म्हणजे माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवली. लाल बटण वर केलं. किल्ली फिरवली. सात पानी कार्यपद्धतीत, तिसऱ्या पानावर, ठळक अक्षरात मीच लिहिलेलं होतं की थ्रॉटलची तपासणी सुरू करायच्या लगेच आधी. मी ती पूजेआधी केली होती. पुन्हा केली नाही. लोक खोळंबले होते, एवढंच कारण.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. नुसतं घुरघुरत होतं, पट्टा स्थिर. मी अंगठा ठेवला आणि हलकं दाबलं. आवाज चढला, पट्टा फिरायला लागला. छान वाटलं. खरं सांगतो, मला फार छान वाटलं, तीस वर्षांत असं वाटलं नव्हतं. मी अंगठा उचलला.

आवाज खाली आला नाही. वर गेला.

मी अंगठ्याकडे बघितलं. तो हवेत होता. पट्टा वेड्यासारखा फिरत होता, स्टँड थरथरत होता, झेंडूची फुलं सुटून उडत होती, आणि एक लिंबू घरंगळत रेघेबाहेर गेलं. लाल बटण माझ्या अंगठ्यापासून दोन बोटांवर होतं. बांबूवर मी ते चारशे वेळा दाबलं होतं. त्या क्षणी मला ते आठवलंही नाही. माझी पाचावर धारण बसली होती. मी जे केलं ते कुठल्याही कोर्समध्ये नाही. मी हँडल सोडून पळालो.

चार पावलांवर कमरेला हिसका बसला. दोरीने टोपी ओढली, आणि इंजिन एकदम गप्प झालं. मी थांबलो तेव्हा संत्र्यांच्या पलीकडे, उदबत्त्यांच्या जवळपास पोचलो होतो.

मग मॉलचा अधिकारी टाळ्या वाजवायला लागला. बॉसनेही वाजवल्या.

"व्हेरी गुड," अधिकारी म्हणाला. "आपत्कालीन प्रात्यक्षिक. बहुतेक लोक हे दाखवतच नाहीत."

अप्पा पिवळी रेघ ओलांडून यंत्राजवळ गेले होते. त्यांना रेघेच्या आत यायची परवानगी नव्हती, पण इंजिन बंद होतं आणि मीही त्यांना अडवलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, थ्रॉटलच्या फटीत नख घातलं आणि काहीतरी बाहेर काढलं. ते तळहातावर घेऊन माझ्याकडे आले. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा होता.

"अक्षता," ते म्हणाले.

परत येताना टॅम्पिनीसला उतरल्यावर इंटरचेंजमधून गेलो, तर त्यांनी बसकडे बघितलंही नाही.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरायला बसलो. अपघात थोडक्यात टळला की एक फॉर्म भरायचा असतो. काय घडलं, कारण काय, जबाबदार कोण, इजा किती जणांना, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. मी 'जबाबदार' समोर स्वतःला लिहिलं, आणि उपायात लिहिलं की कोणताही धार्मिक विधी झाल्यावर थ्रॉटलची तपासणी पुन्हा करावी. ती ओळ आजही त्या मॉलच्या फाइलमध्ये असणार.

अप्पा समोर येऊन बसले. "हे कशाला?"

"अधिकाऱ्याला वाटलं मी प्रात्यक्षिक केलं. तसं नव्हतं, हे लिहून द्यायचं."

"मग शिक्षा?"

"शिक्षा नाही. कारण सगळ्यांना कळावं म्हणून लिहायचं. म्हणजे पुढचा माणूस तिथेच अडकत नाही."

"किती दिवसांत द्यावा लागतो?"

"चोवीस तासांत."

"आणि उशीर झाला तर?"

"तरी घेतात, अप्पा."

त्यांनी हात पुढे केला. "एक कोरा दे."

मला वाटलं, अक्षतांची जबाबदारी त्यांना स्वतःच्या नावावर घ्यायची आहे. मी फॉर्म दिला, कुठल्या रकान्यात काय ते सांगितलं, आणि चहा टाकायला उठलो. ते मराठीत लिहीत होते, सावकाश, पेन दाबून. चहा घेऊन आलो तर फॉर्म माझ्या जागेवर ठेवलेला होता आणि ते बाल्कनीकडे तोंड करून बसले होते.

'काय घडलं: मुलगा माझी स्कूटर शिकत होता. रेस अडकली. माझा उजवा पाय मोडला.

कारण: केबल गंजली होती. आठ दिवस अडकत होती. मला माहीत होतं. बदलायची राहिली. नंतर सांगितलं असतं तर ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचीच गाडी नादुरुस्त म्हणून लोकांनी शाळेत माणसं पाठवली नसती. मुलाने रेस सोडली होती. मी समोर होतो, मी त्याचा हात बघितला.

जबाबदार: मी.'

मी ते दोनदा वाचलं. मला राग आला. दया, माया नंतर. आधी इतका राग आला की कपाचा कान हातात राहील असं वाटलं. दोन तहसीलदार, एक कीर्तनकार, माझं लग्न. मी चप्पल घालून खाली गेलो आणि आमच्या इमारतीला तीन फेऱ्या मारल्या. खाली म्हातारी मंडळी पत्ते खेळत होती, मुलं सायकली फिरवत होती. वर आलो तेव्हा अप्पा तसेच बसलेले होते आणि त्यांचा चहा तसाच होता. मी त्यांचा चहा गरम करून आणून दिला. तो त्यांनी घेतला. मग मी फॉर्म पुन्हा हातात घेतला, कारण एक रकाना घाईत वाचायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फॉर्म बॉसच्या टेबलावर ठेवले. अप्पांचा घरीच ठेवून घ्यावा असं मला वाटलं नाही. माझा तिने भराभर वाचला, मान हलवली, शिक्का मारला. दुसऱ्यातलं एक अक्षर तिला वाचता येणं शक्य नव्हतं. पण मराठीतला दोनचा आकडा तिलाही ओळखू आला. इजा किती जणांना, त्या रकान्यात अप्पांनी तेवढाच लिहिला होता.

"टू?" ती म्हणाली. "दोन जणांना लागलं? कधी?"

"जुनी गोष्ट आहे. तीस वर्षं झाली."

"बापरे, इतका उशीर." तिने शिक्का उचलला आणि थांबली. "आता दोघं बरे आहेत ना?"

"एकाचा पाय अजून लंगडतो," मी म्हणालो. "आपल्यालाही लागलंय, हे दुसऱ्याला काल कळलं."